पाचवी खूण

निवृत्तीने कागदाची पट्टी उन्हासमोर धरली आणि तिच्यावरचे डाग पुन्हा एकदा मोजले. पहिला गडद निळा, पुढचे तीन फिकट होत गेलेले. पाचवा नव्हताच. जिथे तो असायला हवा होता तिथला कागद आटलेल्या डोहासारखा कोरा होता. कोपऱ्यात त्याच्याच अक्षरात लिहिले होते: चिंधी, मुलगी, वय तीन, उंद्री, १९६४.

"हे काय होय, डाक्टर?" ओसरीवर सुपारी कातरत बसलेल्या मनकर्णाबाईंनी विचारले.

"तुमच्या नातीचं रक्त आहे. रोगाशी लढणारा एक भाग रक्तात असतो. तो हिच्यात नाही."

"नागपूरले नेता नेता सांडला असन."

तो हसला, पण ती शंका त्यालाही पोखरत होती. मांडीवरच्या वहीत त्याने या घराची वंशावळ रेखली होती. मुलगे चौकोन, मुली वर्तुळे, गेलेले काळे. मनकर्णाबाईंची सून वच्छला, तिचे चार मुलगे, चारही चौकोन काळे. कान वाहायचे, छाती भरायची. तिसरे वर्ष कुणी ओलांडले नव्हते. तिच्या माहेरी, वडनेर भोलजीला, तिचे दोन भाऊ असेच गेले होते. आईकडून उतरणारा आणि मुलग्यांनाच धरणारा रोग. तसे त्याने नागपूरच्या प्रयोगशाळेतल्या आपल्या प्रमुखांना लिहूनही कळवले होते. आणि आता हे पाचवे, वर्तुळ. नमुन्यांची अदलाबदल झाली असावी, नाहीतर सारे अनुमानच चुकले असावे. खरे तर गेले तीन आठवडे त्या कोड्याची त्याला गोडीच लागली होती.

कोडे अंगणात चिंचोके मांडून बसले होते. जांभळा परकर, दोन आखूड वेण्या, नाकात चमकी, कानात कापसाचा पिवळा पडलेला बोळा.

बर्फाच्या थर्मासमध्ये औषधाच्या तीनच कुप्या होत्या. निरोगी माणसांच्या रक्तातून वेगळा काढलेला, हिच्यात नसलेला तोच भाग. निदान पक्के असेल तरच वापरायच्या, असे प्रमुखांनी बजावले होते.

"हे औषध त्या मुलग्यांच्या रोगावरचं आहे," तो लेकराशेजारी येऊन बसलेल्या वच्छलाला म्हणाला. "मुलीला तो रोग होत नाही. माझीच काही चूक झाली असेल. पुन्हा रक्त नेतो, महिन्याभरात कळवतो."

"महिना?" वच्छलाने लेकराच्या कपाळावर हात ठेवला. ते तापाने फणफणत होते. "अन् पोरगा असता तं?"

"तर आजच सुई दिली असती."

अडकित्ता थांबला. "वच्छे, चूप राह्य," मनकर्णाबाई म्हणाल्या. "चार डाव पोरगा झाला म्हनून गावभर साखर वाटली आपन. चारी डाव ऐकलं त्यानं अन् नेलं."

"कुणी ऐकलं?" निवृत्तीने विचारले.

वच्छलाने लेकराचे बोट धरले.

"चाल चिंधे, मुतून घे."

गोठ्याच्या मागे न जाता तिने लेकराला तिथेच, ओसरीसमोरच्या मातीच्या भिंतीपाशी उभे केले आणि स्वतः पाठ फिरवून निंबाच्या शेंड्याकडे पाहत राहिली. मनकर्णाबाईंनी डोळे मिटून घेतले. चिंधीने परकर उचलला आणि उभ्यानेच, मोठ्या तन्मयतेने, भिंतीवर एक लांबलचक ओली कमान काढली.

पट्टी खरी होती. अनुमानही खरे होते. "अरे, हा तर..." एवढे शब्द निवृत्तीच्या ओठांशी आले. पण त्याला वच्छलाची पाठ दिसली. पाठीवर काठी पडणार हे ठाऊक असावे तसे तिचे खांदे आक्रसले होते.

त्याने शब्द गिळले आणि थर्मासचे झाकण फिरवले.

"चिंधीबाई, या बरं इकडे."

"लय रडन थे," वच्छला म्हणाली.

"रडू द्या तिला."

सुई टोचताना त्याने परकर मांडीपुरताच सरकवला. चिंधी अशी ओरडली की शेजारची कुत्रीही उठून बसली.

"दर महिन्याला तिला खामगावच्या दवाखान्यात आणायचं. औषध मी तिथे पाठवीन. एकही महिना चुकवायचा नाही."

"तिले आनतो," वच्छला म्हणाली.

"अन् वहीत काय लिव्हलं?" मनकर्णाबाईंनी विचारले.

त्याने वही त्यांच्यापुढे फिरवली. त्यांना अक्षर येत नव्हते. लेकरासाठी थापलेल्या छोट्या गोल भाकरीवर टेकावे तसे बोट त्यांनी वर्तुळावर टेकवले.

"चार पेट्या, अन् हे चानकी. हेच आपली चिंधी ना?"

"हीच."

मनकर्णाबाईंनी सुपारीचे एक खांड त्याच्या हातावर ठेवले.

संध्याकाळच्या खामगाव गाडीत त्याला खिडकीशी जागा मिळाली. वही मांडीवर होती, खिशात पेन्सिल आणि खोडरबर. वर्तुळाच्या जागी चौकोन काढायचा होता, आत काळे न भरता. पण उंद्रीची वेस मागे पडेपर्यंत त्याने वही उघडली नाही.