चौदावा राऊंड

"मूठ आवळा, काका," सिस्टर म्हणाली.

ड्रायव्हरने बोटं तळव्याकडे आणली आणि अर्ध्यावरच सोडून दिली. सिस्टरने दंडावरचा पट्टा आणखी घट्ट केला. दोरखंडासारख्या फुगलेल्या शिरेवरून दोन बोटं फिरवत ती पुन्हा म्हणाली, "नीट आवळा की. एरवी तर जगज्जेत्यासारखी आवळता."

"जगज्जेता आज रजेवर आहे."

हे तो छताकडे बघत म्हणाला. त्यात गंमत नव्हती.

शेजारच्या खुर्चीतला मुद्रितशोधक आधीच यंत्राला जोडला गेला होता. त्याच्या हातातून निघालेली लाल नळी यंत्रात जाऊन, रक्त धुऊन, पुन्हा हातात परतत होती. त्याने मान वळवली नाही. सुई टोचताना शेजाऱ्याकडे बघायचं नाही, हा त्या दोघांनी न बोलता पाळलेला शिष्टाचार होता.

सकाळी वजनकाट्यावरही असंच झालं होतं. डायलिसिसला आलेल्या प्रत्येकाला आधी काट्यावर उभं करतात, अंगात पाणी किती साठलंय ते बघायला. ड्रायव्हर काट्यावर चढला की दोन्ही हात वर करी आणि रिंगमधल्या निवेदकाच्या थाटात ओरडे, "लाल कोपऱ्यात, हेवीवेट, एकसष्ट किलो! उभं आयुष्य बस चालवली, पण कुणाला धक्का लावला नाही!" मग मुद्रितशोधकाची पाळी आली की, "निळ्या कोपऱ्यात, ओला टॉवेल, बावन्न किलो!" आज तो काट्यावर चढला आणि उतरला. आकडा किती, तेही त्याने विचारलं नाही.

त्याच वेळी त्याच्या लेकीने मुद्रितशोधकाला खिडकीशी बोलावून घेतलं.

"काका, बाबा म्हणतायत, आजचं शेवटचं."

"शेवटचं म्हणजे?"

"म्हणजे यापुढे यायचं नाही. डॉक्टरांशीही बोलले. डॉक्टर म्हणाले, निर्णय त्यांचाच. बंद केलं तर फार दिवस मिळणार नाहीत, तेही स्पष्ट सांगितलं. बाबा म्हणाले, बरं." तिने पर्सचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. "तुम्ही बोलून बघा ना. तुमचं ऐकतील."

"माझं? अगं, माझं त्यांनी कधीच काही ऐकलेलं नाही. आल्यापासून नुसता वाद चाललाय आमचा."

"तेच तर म्हणतेय. तुमच्याशी वाद तरी घालतात. आमच्याशी नुसतं 'बरं' म्हणतात."

वाद जुना होता आणि साधा होता. ड्रायव्हरचा मुष्टियुद्धातला जगज्जेता रेडिओच्या काळातला. लोहाराचा मुलगा, म्हणून हे दोघे त्याला लोहारच म्हणत. अंगाने बेताचा, आजच्या हिशेबाने तर हेवीवेट म्हणायलाही लाज वाटावी असा, पण मार खाऊन न दमणारा. मुद्रितशोधकाचा जगज्जेता टीव्हीच्या काळातला. साडेसहा फुटांचा, लांब हातांचा; त्याला ते डोंगर म्हणत. दोघांच्या मधे पुरी पिढी उलटून गेली होती. डोंगर पहिल्यांदा रिंगमध्ये उतरला तेव्हा लोहार जगातच नव्हता. पण समोरासमोर आले असते तर कोण जिंकला असता?

मुद्रितशोधक म्हणे, लोहाराचा ठोसा डोंगराच्या हनुवटीपर्यंत पोचणारच नाही. शिडी आणावी लागेल. ड्रायव्हर म्हणे, हनुवटी कशाला हवी? बरगड्या आहेत ना. झाड पाडताना कुणी शेंड्यावर घाव घालतं का?

इथपर्यंत ठीक होतं. गाडी अडायची ती राऊंडांवर. लोहाराच्या काळी किताबाची लढत पंधरा राऊंडांची असे. डोंगराच्या काळी बाराची झाली. "बारा राऊंड तर कुणीही उभा राहतो, पंडित," ड्रायव्हर म्हणे. "माणूस कळतो तो त्याच्या पुढे. तुमच्या डोंगराला ते गाव माहीतच नाही." मग तो लोहाराची ती लढत सांगे. प्रतिस्पर्धी खाटीक म्हणून प्रसिद्ध होता. लोहाराची भुवई फाटलेली, गुणांवर तो पार मागे पडलेला. ड्रायव्हरचे वडील रेडिओला कान लावून बसलेले, आणि चौदाव्या राऊंडला लोहाराने डाव्या हाताचा ठोसा खाटकाच्या बरगडीत असा घातला, की खाटीक उभ्याचा बसला तो उठलाच नाही. निवेदकाच्या आधी वडील ओरडले होते, असं ड्रायव्हरचं म्हणणं. ही गोष्ट मुद्रितशोधकाने इतक्यांदा ऐकली होती, की त्या खोलीतल्या रेडिओचा रंगसुद्धा त्याला ठाऊक होता.

त्याने स्वतः कधी एकही लढत प्रत्यक्ष पाहिली नव्हती. कुणाला ठोसा मारणं दूरच, चारचौघांत आवाजही चढवला नव्हता. वर्तमानपत्राच्या क्रीडापानाची प्रुफं तपासताना जे वाचलं तेवढंच त्याचं मुष्टियुद्ध. दुसऱ्याने लिहिलेलं वाचायचं, चूक दिसली की समासात बारीक खूण करायची आणि कागद पुढे सरकवायचा. काही बोलायची वेळ आलीच नाही. आता आली होती, आणि त्याच्याजवळ समास नव्हता.

यंत्रं एका लयीत घरघरत होती. समोरच्या खुर्चीत निवृत्त मुख्याध्यापिका बसत. त्यांनी मांडीवरचं विणकाम खाली ठेवलं.

"आज सामना नाही का हो? एवढी शांतता. मला वाटलं, मीच बहिरी झाले."

"तुम्हीच म्हणत होता ना बाई," मुद्रितशोधक म्हणाला, "की दोघेही मेलेत, कशाला उठवता त्यांना?"

"म्हणत होते. पण आता सवय झालीय. तुमच्या भांडणावर माझे टाके मोजून होतात."

ड्रायव्हरने डोळे उघडले नाहीत. चेहऱ्याची कातडी सैल, मातकट दिसत होती. ब्लँकेटखाली त्याचा पाय एकदम ताठ झाला. पेटका आला होता. सिस्टर धावली आणि पाऊल वर दाबून धरलं. तो ओरडला नाही. दातावर दात ठेवून पेटका ओसरेपर्यंत पडून राहिला. मुद्रितशोधक समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. तो पेटका त्याच्याही ओळखीचा होता. घरी गेल्यावर बूट काढायलाही अंगात त्राण उरत नाही, उद्याचा दिवस जरा माणसासारखा जातो, आणि परवा पुन्हा इथेच यायचं. कुणी पुरे म्हटलं, तर त्याला चूक कसं म्हणावं?

"बर्फ देऊ का काका, चघळायला?" सिस्टरने विचारलं.

"नको."

सिस्टर पुढच्या खुर्चीकडे गेली. मग ड्रायव्हर आपण होऊन बोलला.

"पंडित."

"बोला."

"बारा धरा."

"काय?"

"राऊंड हो. बारा धरा. बारा राऊंडांत तुमचा डोंगर जिंकतो. लांबूनच ठोसे टाकत राहील, गुणांवर घेऊन जाईल. मान्य." त्याने जीभ ओठांवरून फिरवली. "संपला वाद."

बाईंच्या सुया थांबल्या.

इतक्या दिवसांच्या वादात मुद्रितशोधकाला हेच ऐकायचं होतं. हे ऐकल्यावर काय म्हणायचं, तेही त्याने कधीकाळी घरी आरशासमोर घोळवून ठेवलं होतं. आता ते आठवेना. घर रिकामं करणारा भाडेकरू चाव्या शेजाऱ्याच्या हातात ठेवून जातो, तसं काहीतरी त्याच्या हातात आलं होतं आणि ते कुठे ठेवावं ते त्याला कळत नव्हतं.

"असं कसं?" तो म्हणाला. "बारा कशाला? पंधराच."

"आता बाराच."

"लेक काळजीत आहे तुमची," तो म्हणाला, आणि म्हणताक्षणीच त्याला ते वाक्य उसनं वाटलं.

"माहितेय."

"मग?"

"पंडित, तुम्हाला यातलं काय नवीन सांगू? तुम्हीही याच खुर्चीत बसता." ड्रायव्हरचा आवाज अगदी सौम्य होता. "दमलो हो मी. एवढंच."

मुद्रितशोधकाने उत्तर शोधून पाहिलं. लेकीसाठी थांबा म्हणावं, तर त्याला स्वतःलाच शंका आली, की आपण हे तिच्यासाठी म्हणतोय की शेजारची खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून? परवा या खुर्चीत कुणीतरी नवा माणूस असेल. सभ्य असेल. कानात काहीतरी घालून फोनवर सिनेमा बघत बसेल. आणि आपण भिंतीकडे. एवढ्याशा सोयीसाठी एका दमलेल्या माणसाला ओढून धरायचं? त्याची लाज वाटली. तरीही तो बोललाच, कारण गप्प बसणंही त्याला जमेना.

"तुम्ही हार मानलीत तर मानलीत," तो म्हणाला, "पण लोहारावर अन्याय करू नका. खाटकाशी झालेली लढत विसरलात का? मी सांगतो बाईंना. त्यांनी कुठे नीट ऐकलीय?"

"मला पाठ आहे," बाई म्हणाल्या.

"तरी ऐका. भुवई फाटलेली. गुणांवर मागे. आणि मग," त्याने घसा खाकरला, "आणि मग पंधराव्या राऊंडला, शेवटच्या राऊंडला, लोहाराने उजव्या हाताने असा ठोसा मारला, की खाटीक बसला तो उठलाच नाही."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. काही बोलण्यासाठी त्यांचे ओठ हलले. मुद्रितशोधकाने मान किंचित, अगदी किंचित हलवली. बाईंनी विणकाम उचललं आणि टाके मोजायला लागल्या.

त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. जन्मभर चुका काढल्या, आणि आज धडधडीत दोन चुका आपल्याच तोंडाने चारचौघांत ठेवून दिल्या. डोळ्यांत कुसळ गेल्यासारख्या त्या त्याला सलत होत्या. त्याने कानोसा घेतला. शेजारच्या खुर्चीतून काही आलं नाही. ड्रायव्हरची छाती संथपणे वरखाली होत होती. झोपला असावा. ऐकलंच नसेल. किंवा ऐकलं असेल आणि आता त्याला त्याचं काही नसेल. दुसरंच खरं असावं, असं मुद्रितशोधकाला वाटलं. आपल्या हातून कुणाचं काही बदललंय, असं आजवर झालंच नव्हतं.

तो तसाच बसून राहिला. यंत्राने शेवटचा इशारा दिला तेव्हा दुपारचं ऊन खिडकीतून सरकून बाईंच्या लोकरीवर आलं होतं.

सिस्टरने आधी ड्रायव्हरच्या सुया काढल्या, मग मुद्रितशोधकाच्या. जखमेवर कापसाची घडी ठेवून तिने त्याच्या दुसऱ्या हाताचा अंगठा त्यावर टेकवला. रक्त थांबेपर्यंत दाबून बसायचं असतं. लेक चाकांची खुर्ची घेऊन आली. तिने मुद्रितशोधकाकडे नजरेनेच विचारलं. त्याने खाली पाहिलं. तिने वडिलांना काट्यावर धरून उभं केलं, उतरवलं, खुर्चीत बसवलं, पायांवर शाल टाकली.

"चला बाबा."

"येतो हो बाई," ड्रायव्हर म्हणाला. मग शेजाऱ्याकडे वळून त्याने नुसती मान हलवली. मुद्रितशोधकानेही हलवली. खुर्ची दाराकडे निघाली. तिचं एक चाक करकरत होतं.

दाराशी करकर थांबली.

"चौदावा," ड्रायव्हर म्हणाला.

लेक खाली वाकली. "काय बाबा?"

"तुला नाही. त्यांना." त्याला मान पूर्ण वळवता येत नव्हती, तो दाराच्या चौकटीशीच बोलत होता. "पंधरावा कुठला? चौदावा राऊंड. आणि हात डावा होता. उजवा तर पहिल्या राऊंडपासूनच दुखावला होता त्याचा, म्हणून तर डावा. माझे वडील काय खोटं ओरडले का?"

बाईंच्या सुया पुन्हा थांबल्या.

मुद्रितशोधकाच्या जिभेवर 'बरोबर' हा शब्द आला होता. उजव्या हाताचं तर त्याला खरोखरच माहीत नव्हतं. एवढ्यांदा ऐकलेल्या गोष्टीत ते कधी आलंच नव्हतं. पण बरोबर म्हटलं की वाद संपतो. त्याने तो शब्द गिळला.

"मला तर पंधरावाच आठवतो," तो म्हणाला. "घरी जुनी कात्रणं आहेत. बघून सांगतो."

"कात्रणं! तुम्हीच तपासलेली ना? मग झालंच." ड्रायव्हर हसला की खोकला, ते कळलं नाही. "पंडित, मुद्दाम करताय का हे?"

"मी? चूक, आणि मुद्दाम?"

लेकीचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता, पण ती खुर्ची ढकलत नव्हती.

"कधी सांगणार?" शेवटी ड्रायव्हरने विचारलं.

"परवा."

त्याने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. शालीखालून डावा हात बाहेर काढला, त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा आत घेतला. मग खुर्ची हलली, आणि चाकाची करकर व्हरांड्यातून लांब लांब जात राहिली.

"काका! अहो लक्ष कुठाय?" सिस्टर धावत आली. कापसाच्या घडीतून रक्त वर आलं होतं, मनगटापर्यंत एक बारीक ओघळ उतरला होता. तिने नवी घडी ठेवली आणि त्याचा अंगठा धरून तिच्यावर दाबला. "दाबून धरा. इतक्यात सोडायचं नसतं."

"चुकलं," मुद्रितशोधक म्हणाला, आणि अंगठा घट्ट दाबून, व्हरांड्यातला आवाज ऐकत बसला.