अक्कम्माच्या कांड्या

शिवयोगीने अंबय्याचं मनगट धरलं, तोवर दोऱ्याचं टोक त्याच्या चिमटीत आलंही होतं.

“सोडा, मामा. ओढू नका.”

अंबय्याने चिमूट सोडली, पण हात मांजरीच्या तोंडापाशीच रेंगाळला. साखर पेठेतला जन्माचा विणकर तो. लोंबतं टोक दिसलं की त्याची बोटं तिकडे जाणारच, त्याला विचारून थोडीच जातात. टेबलावर मांजरी जबडा अर्धवट उघडा टाकून पडली होती. तिच्या जिभेखालून निघालेला तांबडा सुती दोरा ओठाच्या कडेने बाहेर आला होता.

“घरी ओढलात का?”

“थोडं,” अंबय्या म्हणाला. “आलं न्हाय.”

शिवयोगीने तिचं पोट चाचपलं. दोऱ्याचा एक फास जिभेच्या मुळाशी अडकला होता आणि बाकीचा दोरा आत खोल गेला होता. अशा वेळी आतडं त्या दोऱ्यावर चढत जातं आणि नाडी आवळलेल्या परकरासारखं गोळा होतं. वरून ओढलं की दोरा आतडं आतून कापतो. हे त्याने अंबय्याला समजावून सांगितलं. अंबय्याने सकाळी ज्या दोन बोटांनी ओढलं होतं, ती कितीतरी वेळ धोतराला पुसली.

बाळीवेशीतली ही खोली शिवयोगीने भाड्याने घेतली आणि बाहेर ‘कुत्र्यामांजरांचा दवाखाना’ अशी पाटी लावली, तेव्हा गल्लीला फुकटची करमणूक झाली होती. उंदरांना कुठल्या वारी आणायचं, असं येणारेजाणारे विचारत. मैंदर्गीला वडिलांचं भुसाराचं दुकान होतं. मुलगा डॉक्टर आहे एवढंच ते गिऱ्हाइकांना सांगत. कुणाचा डॉक्टर, ते सांगत नसत. गुरांच्या दवाखान्यातली सरकारी नोकरी सोडून हा मांजरांच्या नादी का लागला, हे त्यांना उमगलं नव्हतं, आणि शिवयोगीनेही कधी नीट सांगितलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात त्याची नेमणूक टेंभुर्णीजवळच्या छावणीवर होती. तिथे गुरं रांगेने बसत आणि रांगेनेच मरत. एकीची नाडी बघावी तोवर शेजारची मान टाकायची. समोर एका वेळी एकच जनावर असावं आणि त्याला पुरेसा वेळ देता यावा, एवढीच इच्छा मनात धरून तो त्या छावणीतून परतला होता.

आज ते एक जनावर समोर होतं, आणि त्याला भीती वाटत होती. पोट उघडून असा दोरा काढताना त्याने मुंबईच्या कॉलेजात एकदाच पाहिलं होतं. स्वतः कधी केलं नव्हतं. हेही त्याने अंबय्याला सांगून टाकलं. जगेल असं वचन देता येणार नाही. नाहीतर एक इंजेक्शन देतो, त्रास न होता जाईल.

स्टोव्हवर हत्यारं उकळत होती, त्या आवाजात अंबय्या तुटक तुटक सांगत गेला. मांजरी त्याची नव्हतीच, अक्कम्माची, त्याच्या बायकोची. तेलुगूत मांजराला पिल्ली म्हणतात, तिने तेच नाव ठेवलं होतं. संक्रांतीआधी अक्कम्मा तापाने गेली. जाण्यापूर्वी तिने विणायला तांबडं सूत गुंडाळून भरून ठेवलेल्या कांड्यांची टोपली मागाशेजारी तशीच होती, आणि तेव्हापासून माग बंद होता. सूत देणारा व्यापारी दोनदा येऊन गेला. अंबय्याने त्याला गुडघ्याचं दुखणं सांगितलं. गुडघा ठणठणीत होता.

“विणलो की कांड्या संपतील की,” तो म्हणाला.

पिल्ली त्या टोपलीतच निजायची. त्यानेही तिला कधी उठवलं नाही.

“इंजेक्शन नको, डॉक्टर. मी तर ओढून मारत होतो. तुमी कापून बघा.”

दवाखान्यात कंपाउंडर नव्हता. ईथरचा बोळा कधी नाकाशी धरायचा आणि कधी दूर न्यायचा, हे शिवयोगीने अंबय्याला दाखवलं. उन्हाचा कवडसा टेबलावर येईल असं दार उघडं ठेवलं आणि आधी जिभेखालचा फास कापला. कात्रीचा आवाज होताच अंबय्याने डोळे मिटले. मग मात्र त्याने ते मिटले नाहीत. पोट उघडल्यावर आतडं दिसलं, चुण्याचुण्यांचं, काही ठिकाणी काळसर पडलेलं. एके जागी शिवयोगीचा हात थबकला. तिथे दोरा जवळजवळ पार गेला होता. सकाळच्या ओढण्याने की आपोआप, हे सांगता आलं नसतं, आणि अंबय्याने विचारलंही नाही. शिवयोगीने आतड्याला जागोजागी लहान छेद दिला, दोरा कापला, तुकडा अलगद काढला, छेद शिवला. तुकडे तो ताटलीत टाकत गेला. शेवटच्या टाक्यापर्यंत मांजरी श्वास घेत होती, याचंच त्याला नवल वाटलं.

हात धुऊन तो वळला, तर अंबय्या ताटलीशी उभा होता.

“हे मी नेऊ?”

“घाण आहे ती, मामा.”

“धुतो की.”

देवघरात ठेवील बहुतेक, असं शिवयोगीला वाटलं. साबणाच्या पाण्यात चांगलं उकळून घ्या, एवढं बजावून त्याने ते कागदात बांधून दिले.

पिल्ली दवाखान्यातच राहिली. ती काही घेईना, मान उचलेना. शिवयोगी दर थोड्या वेळाने जाऊन तिच्या नाकाशी हात धरून बघायचा, आणि छावणीतल्या रांगा आठवून स्वतःवरच चिडायचा. अखेर एका सकाळी तिने ताकाची वाटी चाटली आणि वर त्याच्या बोटाला दात लावला. त्या चाव्याचा त्याला इतका आनंद झाला की समोरच्या पानवाल्याला बोलावून त्याने तो दाखवला. दुपारी अंबय्या येऊन तिला घरी घेऊन गेला.

टाके काढायच्या दिवशी अंबय्याने तिला नव्याकोऱ्या तांबड्या पंच्यात गुंडाळून आणलं. मांजरी टेबलावर ठेवून शिवयोगीने पंचा हातात घेतला. वीण घट्ट होती, काठ सरळ होता. साखर पेठेत अंबय्याच्या कापडाचं नावच होतं, गाठ शोधून सापडायची नाही असं. आणि इथे काठाजवळच्या एका ओळीत बोटाला बारीक काहीतरी लागत होतं. थोड्या अंतराने पुन्हा लागलं, मग पुन्हा.

“गाठी राहिल्या की हो, मामा.”

“तुमी कापलं तितं तितं जोडलो,” अंबय्या म्हणाला. “उकळून घेतलो आधी.”

शिवयोगी त्या ओळीवरून बोट फिरवत राहिला.

“आणि टोपलीतल्या कांड्या?”

“संपल्या.” अंबय्याने मांजरीच्या पाठीवर हात ठेवला. “आता शेजारची पोरगी भरून देती. ढिल्या भरती, पण शिकंल.”

शिवयोगीने पंचा टेबलावर पसरला आणि पिल्लीला त्यावर आडवं केलं. पोटावरचे केस बाजूला सारून त्याने पहिला टाका कात्रीने तोडला. काळ्या दोऱ्याचं टोक वर आलं. अंबय्याची बोटं तिकडे निघाली आणि मधेच थांबली.

“ओढा,” शिवयोगी म्हणाला.

अंबय्याने त्याच्याकडे पाहिलं. मग टोक चिमटीत धरलं आणि हळूच ओढलं. दोरा सरळ बाहेर आला.