फुली जागेवर

एकगोळीबाईंनी रबरी हातोडी उचलली आणि नव्याकोऱ्या दुर्बिणीच्या नळीवर दणकन हाणली.

"अहो बाई!" विक्रेता खुर्चीतून उठलाच. "नाजूक वस्तू आहे ती!"

"रायफल झाडली की याच्या दसपट दणका बसतो. नाजूक वस्तू काचेच्या कपाटात ठेवा. इथे कशाला आणलीत?"

वनखात्याच्या कार्यशाळेत लांब बाकावर रायफल शिकंज्यात आवळून ठेवली होती. आत गोळी नव्हती. समोरचा मोठा दरवाजा उघडा होता आणि मैदानापलीकडच्या भिंतीवर, शंभर पावलांवर, चौकटींचा कागद चिकटवला होता. रायफल हलायची नाही, कागद हलायचा नाही, हलणार ती फक्त दुर्बिणीतली फुली. वरची चक्री फिरवून चाळीस खटके वर, बाजूची फिरवून चाळीस उजवीकडे, मग चाळीस खाली, चाळीस डावीकडे. एवढा फेरा मारून, वर हातोडीचा दणका खाऊन, फुली निघाली होती त्याच काळ्या ठिपक्यावर परत आली पाहिजे. नाही आली तर ती दुर्बीण नव्हे, नुसती नळी. ही परीक्षा बाईंची स्वतःची. खात्याच्या कुठल्याही नियमात ती नव्हती, आणि खात्याच्या नियमांत काय काय नाही याची यादी बाईंना तोंडपाठ होती.

त्यांनी डोळा लावला, डोळ्याकडचं, नजर जुळवायचं कडं सवयीने गर्रकन फिरवलं आणि एकेक खटका मोजायला सुरुवात केली. फेरा पुरा झाला. पथकाच्या साहेबांना बघता यावं म्हणून त्या बाजूला झाल्या.

"दोन घरं चुकलीय. बघा."

साहेब वाकले. "मला तर काहीच दिसत नाही. सगळं धुरकट आहे." त्यांनी कडं उलटं फिरवलं. बरंच फिरवलं. "हं. आता दिसतंय. हो की! दोन घरं."

"साहेब, पण हिच्यात चोवीस पट मोठं दिसतं," विक्रेता म्हणाला. "बाई म्हणतात त्या दुसऱ्या दुर्बिणीत फक्त आठ पट."

"मला डुकराच्या पापणीचे केस मोजायचे नाहीत," बाई म्हणाल्या. "डुक्कर कुठे आहे आणि फुली कुठे आहे, एवढंच कळायला हवं. चोवीस पटीत श्वास घेतला तरी डुक्कर नाचतं. ज्यांनी आयुष्यात एकदाही चाप ओढला नाही त्यांनी पटी मोजाव्यात आणि आम्ही बोलणी खावीत, हे बरं चाललंय!"

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. हा टोला त्यांना होता आणि तो बसला होता.

बाईंचा पारा आज सकाळपासून चढलेला होता. खरं तर तो वर्षभर उतरलाच नव्हता. वस्तीत घुसलेलं, माणसांवर धावून जाणारं किंवा गाडीखाली मोडून पडलेलं जनावर मारायचं काम पथकात त्या एकट्याच करत. एकोणीस वर्षं. एका जनावराला एक गोळी, दुसरी कधी लागली नाही, म्हणून तर हे नाव पडलं. आणि मग गेल्या मोसमात शाळेच्या पटांगणात ते रानडुक्कर शिरलं. अंतर जेमतेम सत्तर पावलं. पहिली गोळी पोटात गेली, दुसरी पायात. तिसरी लागेपर्यंत ते जनावर पटांगणभर फरफटत राहिलं, ओरडत राहिलं, आणि वर्गांच्या खिडक्यांतून मुलं ते बघत होती, ऐकत होती. बाईंची धाकटी जाऊ त्याच शाळेत शिकवते. त्या संध्याकाळी तिने भांडी घासताना फक्त एवढंच विचारलं, "ताई, एवढा वेळ का लागला हो?"

एवढा वेळ का लागला! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती ती तेव्हा. चौकशी अहवालात साहेबांनी चार शब्द लिहून हात झटकले होते: "दुर्बीण निर्दोष. चूक नेमबाजाची." दुर्बीण शिकंज्यात न लावता, एक खटका न फिरवता निर्दोष! बाईंनी तो अहवाल साहेबांच्या टेबलावर आपटला. त्याच्या महिनाभर आधी भांडारातल्या कपाटातून दुर्बिणीची पेटी पडली होती की नाही? फुली तेव्हापासून जाड दिसायला लागली होती की नाही? आतली काच हलली, दुसरं काय! त्यांनी चार पानी तक्रार केली, वर पाठवली, वरच्याच्याही वर पाठवली. शेवटी अहवाल बदलला. नवे शब्द आले: "भांडारप्रमुखाचा निष्काळजीपणा." ठपका भांडारप्रमुखाच्या नावावर चढला.

तो भांडारप्रमुख आता कार्यशाळेच्या दारापाशी, हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा होता. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचा, म्हणून सगळे त्याला कुलूपकाका म्हणत. निवृत्तीला चार महिने उरले होते. छत्तीस वर्षांत त्याच्या नावावर तो एकच ठपका. आणि गंमत म्हणजे पेटी पडल्याचं कुणी पाहिलेलंच नव्हतं. काकांनी आपणहून नोंदवहीत लिहिलं होतं. ते लिहिलं नसतं तर बाईंच्या हाती काही लागलंच नसतं.

"आता ही लावा," बाई म्हणाल्या.

काकांनी दुसरी दुर्बीण लावली. बिनचमकीची, काळी, बुटकी. बाईंनी डोळा लावला, कडं जवळजवळ शेवटापर्यंत फिरवलं आणि क्षणभर त्यांचा आवाजच बदलला.

"वा! काय स्वच्छ दिसतंय! याला म्हणतात काच."

चाळीस वर, चाळीस उजवीकडे, हातोडी, चाळीस खाली, चाळीस डावीकडे. फुली ठिपक्यावर. पुन्हा फेरा, पुन्हा हातोडी. पुन्हा ठिपक्यावर. साहेब वाकले, पुटपुटले, "परत धुरकट," कडं उलटं फिरवून त्यांनीही पाहिलं.

"सारखं ते कडं कशाला फिरवता, साहेब?"

"मला दिसत नाही म्हणून फिरवतो. तुमचं तुम्हालाच कसं दिसतं, देव जाणे."

"माझ्या डोळ्यांचं नाव काढू नका. एक्कावन्न पूर्ण झाली, अजून चष्म्याशिवाय पेपर वाचते. दोन वर्षांपूर्वी लागला होता थोडा, तोही सुटला. जाऊ माझ्याहून सात वर्षांनी लहान, तिला किराण्याची यादी वाचता येत नाही."

कुलूपकाकांनी किल्ल्यांचा जुडगा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"ठरलं तर मग," साहेब म्हणाले. "हीच घेऊ. बाई, निवड पत्रकावर सही करा, सुटू एकदाचे."

"सुटू? इतक्यात?" बाईंनी पदर खोचला. "काका, जुनी काढा."

"आता जुनी कशाला?" साहेब म्हणाले. "ती मोडीत निघालीय."

"मोडीत निघाली, पण मी मोडीत निघाले नाही! कागदावर भले ठपका कुणाच्याही नावावर असो, बाजारात पोरंटोरं मला 'तीनगोळी' म्हणतात. सगळे हजर आहेत, शिकंजा तयार आहे. होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष. निदान तुमच्या डोळ्यांनी बघा काच कशी हललीय ती."

काकांनी भांडार उघडलं, जुनी पेटी आणली, दुर्बीण पुसली आणि रायफलवर बसवली. सगळे स्क्रू आवळून झाल्यावर त्यांनी एकदा बाईंकडे पाहिलं.

"राहू द्या ना, बाई," ते हळूच म्हणाले. "माझं काय, चार महिने."

"का? आता का घाम फुटला?"

बाईंनी डोळा लावला. फुली जाडच होती, दोरखंडासारखी. ठिपका तिच्या पलीकडे कुठेतरी विरघळला होता. "बघा, बघा!" असं म्हणत त्यांनी चक्री फिरवली. चाळीस, चाळीस, हातोडी, चाळीस, चाळीस. "कुठे गेली कुणास ठाऊक. धड दिसतही नाही. या साहेब."

साहेब वाकले. कडं उलटं फिरवलं. बराच वेळ बघत राहिले. मग विक्रेत्याला म्हणाले, "तुम्ही बघा." विक्रेत्यानेही पाहिलं. त्याला या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं.

"ठिपक्यावर आहे," तो म्हणाला. "अगदी मधोमध. फुलीही बारीक, सुरेख आहे. या जुन्या कंपन्या माल चांगला काढायच्या."

"शक्यच नाही," बाई म्हणाल्या.

"पुन्हा करा."

पुन्हा केलं. तीनदा केलं. शेवटी हातोडी साहेबांनी स्वतः हाणली. फुली जागेवर.

बाईंनी त्यांना बाजूला सारलं आणि पुन्हा डोळा लावला. धुरकट. त्यांनी कडं आपल्या नेहमीच्या बाजूला फिरवलं. ते खट्ट करून अडकलं. जोर लावला, तरी पुढे जाईना. पुढे जायला जागाच नव्हती. त्यांनी डोळा काढून कड्याकडे पाहिलं, हातभर अंतरावरून, आणि ते त्यांना लख्ख दिसलं.

कड्यावर व्हाइटनरचे पांढरे ठिपके होते. दर वर्षी मोसमाच्या आधी बाई कडं आपल्या डोळ्याला जुळवून घेत आणि पुन्हा शोधत बसायला नको म्हणून ठिपका देत. मागच्या वर्षीचा ठिपका पुसायचा त्यांना कंटाळा. आठ वर्षांचे आठ ठिपके. पहिले चार जवळजवळ एकावर एक. पाचवा थोडा पुढे. सहावा आणखी पुढे. सातवा बराच. आठवा, गेल्या मोसमाचा, कड्याच्या अगदी शेवटाला टेकलेला. पेटी पडली होती त्याच्याही आधीचा.

विक्रेता आपल्या पेट्या भरू लागला. साहेब पत्रक घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेले. दोघांनीही आपापल्या कामात मान घातली, आणि त्यानेच बाई भडकल्या. त्या काकांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"व्हाइटनर कोण देतं मला दर वर्षी?"

"मीच."

"आणि दुर्बीण दर आठवड्याला कोण पुसतं?"

"मीच की."

"म्हणजे दिसत होतं तुम्हाला. वर्षभर मी तुमच्या नावाने खडे फोडतेय, चार पानं लिहून तुमच्यावर खापर फोडलं, आणि तुम्ही तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात? का बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर ऐकलं असतंत?"

बाईंनी मागे वळून शिकंज्यातल्या जुन्या दुर्बिणीकडे पाहिलं.

"आमच्या आईचा चष्मा असाच सुटला होता," काका म्हणाले. "घरात सगळे खूश. बारीक अक्षर वाचायची, आम्हालाच वाचून दाखवायची. पुढे गल्लीच्या टोकाला उभा असलेला मी ओळखू येईना, तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू होता. काढता येतो हो तो. फार काही नसतं." ते थांबले. "पण तुम्हाला सांगायचं म्हणजे रायफल खाली ठेवा म्हणून सांगायचं. ते माझ्याच्याने होईना."

"तुमच्याने होईना!" बाईंचा आवाज चिरकला. "आणि त्या डुकराने काय करायचं? अजून एक मोसम आला असता, कुणाच्या अंगणात, पुन्हा तीन गोळ्या, नाहीतर चौथी एखाद्या माणसाला! लाज वाटायला हवी. तुम्हाला नाही, मलाच. पण तुम्हालाही थोडी."

"वाटते," काका म्हणाले.

बाई टेबलापाशी गेल्या. साहेबांनी पत्रक पुढे सरकवलं. नव्या दुर्बिणीच्या रकान्यात बाईंनी काळ्या बुटक्या दुर्बिणीचं नाव लिहिलं, सही केली. खाली आणखी एक रकाना होता: "जुन्या वस्तूबाबत शेरा."

"तो कोरा सोडला तरी चालतो," साहेब म्हणाले. "प्रकरण मिटलंय. अहवाल वर गेला, ठपका लागला, सगळं झालं. आता उकरून काय मिळणार? काकांचीही हरकत नाही. काय काका?"

"प्रकरण मिटलेलं नाही!" बाईंनी टेबलावर हात मारला तसा पेनांचा डबा कलंडला. "छत्तीस वर्षं प्रत्येक कुलूप तीनदा ओढणाऱ्या माणसाला तुम्ही निष्काळजी लिहून ठेवलंत, कारण मी आरडाओरडा केला. कोण जास्त ओरडतं ते बघून अहवाल बदलता काय? शिकंजा इथे होता, कागद इथे होता, एक दुपार लागली असती. तो ठपका आज निघाला पाहिजे. आजच."

"आणि तुमचं काय?" साहेबांनी विचारलं. "तो निघाला तर कुठेतरी लागणारच ना."

मागून काका आले आणि व्हाइटनरची बाटली टेबलावर ठेवली. नवी दुर्बीण आली की पहिली खूण बाईंची, ही पद्धतच होती.

"नको," त्या म्हणाल्या. "ज्याची रायफल, त्याने आपली खूण करावी."

त्यांनी बाटली काकांच्या हातात परत दिली आणि पत्रक नाकाजवळ ओढलं. मैदानापलीकडची भिंत त्यांना नुसती पांढरी दिसत होती, पण कागदावरच्या रेघा, पेनाचं टोक, शाईचा ओला थेंब, सगळं सुईसारखं स्पष्ट होतं. त्यांनी अजिबात घाई न करता, वळणदार अक्षरात, साहेबांनीच एकदा न बघता लिहिलेले चार शब्द जसेच्या तसे लिहिले.

दुर्बीण निर्दोष. चूक नेमबाजाची.