वाऱ्याचा पडदा

क्षयाच्या प्रयोगशाळेतला तिचा तो पहिलाच आठवडा. घरी चार महिन्यांची लेक. निघताना सासूबाई दारातच म्हणाल्या होत्या, "नोकरी कर गं, मी कुठं नाही म्हणते? पण तिथलं काही घेऊन पोरीजवळ येऊ नकोस." ते बोलणं सकाळपासून मनात ठाण मांडून बसलं होतं. आज धीर झाला नाही तर नोकरी सोडायची, असं तिनं ठरवूनच टाकलं.

म्हणून तर थुंकीचे नमुने उघडण्याआधी तिनं कॅबिनेटच्या, म्हणजे पुढे अर्धी काच असलेल्या, हवा खेळवणाऱ्या कपाटाच्या आत स्पिरिटचा दिवा पेटवला. जुन्या ठिकाणी उघड्या टेबलावर ज्योतीशेजारीच काम चालायचं. ज्योत असली की तिला बरं वाटायचं.

मागून तिथले सर्वांत जुने तंत्रज्ञ आले. त्यांना सगळे वारेकाका म्हणत.

"वाढदिवस कुणाचा गं?"

"जंतू मरावेत म्हणून, काका."

"जंतू राहिले बाजूला, पडदा फाडलास की."

"कुठला पडदा?"

काकांनी धूर सोडणारी नळी आणली आणि ज्योतीजवळ धरली. धूर उसळला, गरगरला, आणि त्याची एक बट काचेखालून निसटून थेट तिच्या हनुवटीशी आली. ती झटकन मागे सरली.

"विझव आता. ज्योतीची गरम हवा वर उसळते आणि वाऱ्याचा पडदा फाटतो. थांब जरा, वारा बसू दे."

मग त्यांनी पुन्हा धूर सोडला. तो वरून संथ उतरला, तळाशी दुभंगून पुढच्या-मागच्या, हवा ओढून घेणाऱ्या जाळ्यांत गेला. नळी कॅबिनेटच्या तोंडाबाहेर धरली, तर बाहेरचा धूरही वाकून पुढच्याच जाळीत शिरला.

"हात घाल. सरळ, सावकाश."

तिनं हात आत नेले. धूर मनगटांभोवती फाकला आणि खाली पुन्हा एक झाला. झोपलेल्या बाळावर कुणी पांघरूण सारखं करावं, तसा.

"हे रोज इथंच असतं?"

"मशीन चालू आहे तोवर. दिसत नाही एवढंच. आपण त्याच्या आड यायचं नाही. जाळीवर कोपर टेकायचं नाही, हात झपकन ओढायचा नाही."

त्या दिवशीचे सगळे नमुने तिनं केले. दर वेळी हात आत नेले की क्षणभर थांबायची. न दिसणारं ते तिच्याभोवती जुळून येऊ द्यायची.

संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "मग? नोकरीचं काय ठरवलंस?"

"उद्याही जाणार," ती म्हणाली, आणि लेकीला घ्यायला तिनं हात पुढे केले. सरळ, सावकाश.