आय गेल्दी

भागोजीनं पैजेला मिशी लावली, तेव्हा मला कुणी विचारलंसुद्धा नाही. आणि सगळी मदार तर माझ्यावर! मी तुर्की किताब बोलतोय. अर्धी पानं वाळवीनं खाल्लीत, त्यामुळं माझं शिक्षणही अर्धवटच.

माझ्यातली गोष्ट एका जुन्यापुराण्या तुर्की शायराची. सहाशे वर्षं तरी झाली असतील. गडी खेचरावर बसून गावोगाव गोष्टी गायचा. रानात वाट चुकलेली पोरगी चांदाला हाका मारते, आणि चांद चक्क खाली उतरून तिला घरी पोचवतो, अशी ती गोष्ट. पण शायर लबाड! पोरगी रानात अडकली की हा गप्प. भाकरी हातात पडल्याशिवाय चांद काही उतरायचा नाही.

जर्मनच्या लढाईत म्हसळ्याकडचा भागोजी तुर्कांच्या कैदेत सापडला. तिथला म्हातारा पहारेकरी मला मोठ्यानं वाचायचा. भागोजी सुटला, तेव्हा त्यानं मला त्याला देऊन टाकलं. गावी आलो, तर भागोजीच्या बायकोनं, कृष्णाबाईनं, मला लोणच्याच्या बरणीवर झाकण केलं. खोटं कशाला बोलू, वास मला आवडला.

भागोजी गावभर फुशारक्या मारायचा. "तुर्की म्हंजे मला पान्यासारखी!"

शेजारचा बाळाजी म्हणाला, "मग वाच की शिमग्याला, पालखीम्होरं. न्हाय आलं तर मिशी सफाचट!"

"व्हय, लागली पैज!"

येड्याला माझ्यातलं एक अक्षर येत नव्हतं.

शिमग्याला दुपारी पालखी सहाणेवर, तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, टेकली, गाव जमलं. भागोजीनं मला उघडलं आणि बाळाजी ओरडला, "अरं, चित्रातली पोरगी डोक्यावर उभी हाय! किताब उलटा धरलायस!"

"तुर्की लोक असंच वाचतात. तुला काय कळतंय?" भागोजीनं दडपून सांगितलं, आणि पहारेकऱ्याची आठवत होती ती एकच ओळ ठोकली, "आय गेल्दी!"

पुढं बसलेली आवडाबाई दचकली. "आय गेल्ती? कुठं गेल्ती रं?"

आवडाबाईची आय ती चार वर्षांची असतानाच वारलेली. तिला बघून बाकीच्या बायकांनीही डोळ्यांना पदर लावले. भागोजीला चेव आला. आय खाडीपल्याड गेल्ती, पोर धक्क्यावर वाट बघत ऱ्हायली... आणि एकदम गप्प.

"पुढं?"

"आधी वडे आणा."

बघा, शायराचाच चेला!

वडे आले. आवडाबाईनं मात्र तिचा वडा नुसता हातात धरला. "आधी सांग. आली का तिची आय?"

भागोजी तिच्याकडं बघतच राहिला. मग त्यानं मिशीवरून शेवटचा हात फिरवला आणि मला मिटलं.

"मावशे, रडू नको. कुणी गेलं न्हाय. पहारेकरी सांगायचा, त्यांच्यात आय म्हंजे चांद, गेल्दी म्हंजे आला. चांद आला, एवढंच हाय त्यात. मला वाचता येत न्हाय गो."

आवडाबाई अशी हसली, की हातातला वडा पडला. "चांद आला? मेल्या, आणि मला रडवलंस व्हय!"

बाळाजी न्हाव्याला हाका मारायला लागला. आवडाबाई डोळे पुसत म्हणाली, "अर्धीच काढ रं त्याची. माझी आय गेल्ती, तेवढी अर्धी गोष्ट खरी होती."

आठ दिवस भागोजी अर्ध्या मिशीनं फिरला.

आता दर शिमग्याला मला बरणीवरून उतरवतात. भागोजी ओरडतो, "आय गेल्दी!" सगळं गाव ओरडतं, "चांद आला!" मग वडे. तुम्हीही या. येताना वाळवीवरचं काही औषध मिळालं तर आणा.

आणि एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी भागोजीनं मला सुलटंच धरलं होतं, चित्र बघून. त्यानं मिशीला पीळ द्यायला एक हात काढला, तेवढ्यात गिरकी घेतली ती मी. म्हटलं, बघू तरी गडी काय करतो!

त्याला सांगू नका. मिशी दोन्हीकडं सारखी व्हायला फार दिवस लागलेत त्याला.