मुका धैवत

मित्रांनो, मी एक जुनी, एका सुराने मुकी झालेली बाजाची पेटी आहे. माझ्या झाकणावर कोणी दप्तर ठेवले तरी मी तक्रार करीत नाही. याहून जड ओझी मी वाहिली आहेत.

मुंबईतील एका कारागिराने मला घडविले. त्याने सागवान तासले, एकेक पितळी सूर कानाशी धरून जुळविला आणि भात्याला मऊ चामडे लावून सांगितले, "हिला रोज वारा द्या, मास्तर. नाहीतर रुसेल." ते मास्तर म्हणजे वसईच्या बागायती पट्ट्यातील एका गावचे शिक्षक, प्लासिड मास्तर. सन एकोणीसशे नव्वदच्या नाताळापूर्वी मी त्यांच्या घरी आले. दर रविवारी ते मला सायकलला बांधून चर्चमध्ये नेत.

मास्तर वाजवीत आणि त्यांच्या पत्नी मटिल्डाबाई गात. केळीच्या वाडीत सुकेळ्यांसाठी सोललेली केळी उन्हात पसरता पसरता त्या नवी गीते पाठ करीत. मास्तरांनी भूप रागात एक आलेलुयाचे गीत बांधले होते. त्यात जेथे धैवताचा सूर लागे, तेथे मटिल्डाबाईंना हटकून हसू फुटे. गायकवृंदाचे प्रमुख फर्डिनंड यांना ते खटकत असे.

"मटिल्डाबाय, देवाच्या घरात हसू नये."

"मग कुठे हसू, फर्डिनंड? तुझ्या घरात तर तुझी बायकोसुद्धा हसत नाही."

सारा गायकवृंद तोंडाला रुमाल लावी. माझ्या आयुष्यातील ती सात वर्षे सोन्याची होती.

पुढचे समजण्यासाठी एक रीत सांगितली पाहिजे. ईस्टरपूर्वी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. त्या काळात चर्चमध्ये 'आलेलुया' हा स्तुतीचा, हर्षाचा शब्द कोणी उच्चारीत नाही. तो ईस्टरलाच पुन्हा गायला जातो.

सत्त्याण्णवच्या नाताळानंतर मटिल्डाबाई अंथरुणाला खिळल्या. एका दुपारी त्या म्हणाल्या, "मास्तर, माझ्या मयताला तुमचं भूपातलं गीत वाजवा. रडकी चाल घेतलीत तर मी उठून बसेन."

"असं बोलू नये."

"का बोलू नये? दुःख आपलं असतं, आनंद देवाचा. आपला आटतो, त्याचा आटत नाही. मातीत ठेवलेलं माणूस पुन्हा भेटेल, ही आशा दुसऱ्या कशावर धरायची?"

मास्तरांनी माझ्यावर हात ठेवून शब्द दिला.

त्या गेल्या, आणि गेल्या त्या नेमक्या उपवासकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात. फर्डिनंड ओटीवर येऊन उभे राहिले.

"मास्तर, आलेलुया नाही चालणार. नियम मी केलेला नाही."

"मी तिला शब्द दिलाय."

"नियम तिलाही ठाऊक होता. ईस्टरनंतर हवं तेवढं वाजवा."

मुलांना जन्मभर शिस्त शिकविणाऱ्या मास्तरांनी मान खाली घातली. त्या दिवशी माझ्यावर एक संथ, रडकी चाल वाजली. माझ्या धैवताला बोट लागले नाही. मटिल्डाबाई उठून बसल्या नाहीत.

ईस्टर आला. सारे चर्च आलेलुया गाऊ लागले. मास्तर माझ्यासमोर बसले, पण त्यांची बोटे पट्ट्यांवर टेकेनात. "आता कोणासाठी?" एवढेच ते पुटपुटले. त्याच दिवशी मी खाटेखाली गेले. चर्चमध्ये माझ्या जागी विजेवर चालणारा कीबोर्ड आला. त्याला वारा द्यावा लागत नाही.

मित्रांनो, मी तेथे आठ वर्षे पडून होते. माझ्यावर सुकेळ्यांचे रिकामे डबे रचले गेले. उंदरांनी भाता कुरतडला, खाऱ्या वाऱ्याने धैवताचे पितळ हिरवे पडले. मास्तर रोज प्रार्थना करीत, परंतु हजेरी घेतल्यासारख्या कोरड्या आवाजात. ते देवावर रुसले नव्हते. त्यांनी देवाच्या आनंदावरचा हक्क सोडला होता. गाव मात्र म्हणे, "मास्तर म्हणजे शिस्तीचा माणूस." या स्तुतीला मी आजही क्षमा केलेली नाही.

दोन हजार सहा साली उपवासकाळातच त्यांची मुलगी रोवेना त्यांना आपल्या चंदनसारच्या फ्लॅटवर न्यायला आली. तिने मला बाहेर ओढले.

"पप्पा, हिचं काय करायचं?"

"दे भंगारात. तुझ्या आईला दिलेला शब्दच पाळायचा राहिला, पेटी ठेवून काय करू?"

रोवेनाने माझ्या झाकणावरची धूळ पुसली. मग म्हणाली, "मनाई चर्चमध्ये होती, पप्पा. घरी कोणी अडवलं होतं? इथे, ओटीवर, तिला उचलण्याआधी वाजवता आलं असतं."

मास्तर खाटेवर बसले. "सुचलं नाही," ते म्हणाले. "आठ वर्षं सुचलं नाही, बाय."

मग त्यांनी मला मांडीशी ओढले. भात्याच्या फाटक्या जागेवर रोवेनाने तळहात दाबून धरला. भूप सुरू झाला. धैवताची पट्टी दाबली गेली आणि तेथे नुसता वारा फुसफुसला. मास्तर थांबले, पुन्हा आरंभ केला, पुन्हा तेथेच अडले.

निरोप द्यायला आलेले फर्डिनंड पायरीशी काठी टेकून उभे होते. तिसऱ्या वेळी त्या रिकाम्या जागी त्यांच्या चिरक्या, म्हाताऱ्या गळ्यातून धैवत उमटला. आलेलुया.

"उपवासकाळ आहे, फर्डिनंड."

"ठाऊक आहे. वाजवा तुम्ही."

मी भंगारात गेले नाही. आज चंदनसारला तिसऱ्या मजल्यावर आहे. भात्याला नवे चामडे लागले. धैवत मात्र मास्तरांनी दुरुस्त करू दिला नाही. ज्यांनी तो ऐकायचा, त्या मटिल्डाबाई मातीत आहेत. त्यांना तो आता मृत पुन्हा उठतील त्या पुनरुत्थानाच्या दिवशीच ऐकू येईल. त्या दिवसाची आशा मास्तर अलीकडे पुन्हा धरू लागले आहेत, आणि तीही मटिल्डाबाईंच्याच शब्दांवर.

मित्रांनो, वस्तूला वारा द्या. देवाच्या आनंदालाही द्या, विशेषतः शोकाच्या दिवशी. तो पुढच्या सणासाठी राखून ठेवू नका. ज्याच्यासाठी राखता, ते माणूस थांबत नाही. आणि माझ्यावर दप्तर ठेवायचेच असेल, तर आधी एकदा झाकण उघडा. धैवत तुम्ही गा.