सुरईच्या तळाचा वण

मित्रांनो, मी एक जुनी, हिरव्या काचेची सुरई आहे. माझं वय चाळीस. पण माझ्या गळ्यात चिठ्ठी अडकवली आहे, 'शंभर वर्षांपूर्वीची, परदेशी'. ती चिठ्ठी कशी आली, ते आठवलं की आजही मला तडा जाईलसं वाटतं.

मला घडवलं एका डावखुऱ्या कारागिराने. तापलेल्या काचेचा गोळा फुंकणीच्या टोकावर घेऊन त्यांनी गाल फुगवले आणि मला पोट आलं. मग तळाला लोखंडी सळई चिकटवून त्यांनी माझा गळा ओढला, ओठ वळवला. शेवटी डाव्या हाताने झटका देऊन सळई तोडली. तिथे नखाएवढा खडबडीत वण राहिला, चंद्रकोरीसारखा. इतर कारागिरांच्या सुरयांवर ही कोर उजवीकडे वळायची, माझ्या कारागिरांच्या सुरयांवर डावीकडे.

"डावऱ्या, तुला सही करायची गरजच नाही!" भट्टीवरचे सोबती त्यांना चिडवायचे.

पुढे मी एका शिक्षिकाबाईंच्या घरी गेले. तीस वर्षं पाहुण्यांना पाणी दिलं. "काय सुरेख रंग आहे!" असं किती जणांनी म्हटलं! मग प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि मी कपाटावर चढले. माझ्या पोटात सुटी बटणं साठू लागली. बाईंनी घर बदललं, तेव्हा मी जुन्या वस्तूंच्या दुकानात आले.

दुकानदार वाईट नव्हता हो. रोज मऊ फडक्याने मला पुसायचा. पण जुन्या काचेचा तळ झिजलेला असतो, एवढं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. एके दिवशी त्याने मला उपडं केलं आणि फिरत्या दगडावर धरलं. मित्रांनो, माझा वण गेला! वर त्याने पॉलिश पेपर घासला.

"अहो, हे काय चालवलंय?" त्याची बायको म्हणाली. "चांगल्या चाळिशीच्या बाईला शंभरीची म्हातारी करताय!"

"तुला काय कळतंय त्यातलं?" असं म्हणून त्याने चिठ्ठी लिहिली.

पंधरा दिवसांनी दुकानात एक बाई आल्या. सोबत त्यांचे वडील, डोळ्यांवर जाड पडदा आलेला, चाचपडत चालणारे. त्यांचा डावा हात टेबलावर टेकला आणि मी हादरले. ते माझे कारागीर होते!

"आमच्या बाबांनी उभा जन्म भट्टीवर काढला," बाई दुकानदाराला म्हणाल्या. "पण त्यांच्या हातची एक वस्तू आमच्या घरात नाही. भट्टीही मोडली. त्यांच्या हातचं काही मिळतंय का, म्हणून दुकानं पालथी घालतेय."

त्यांनी मला उचललं, उजेडात धरलं. "बाबा, साच्याचा जोड नाही कुठे, काचेत बुडबुडे आहेत. फुंकलेली आहे. आणि हिरवा रंग तुम्ही सांगता तसाच!"

"तळ दे," म्हातारे घाईघाईने म्हणाले. त्यांचं बोट माझ्या तळावरून फिरलं. एकदा, दोनदा. "इथे काहीच नाही गं."

बाईंनी भिंग लावलं. "सगळे ओरखडे एकाच दिशेचे आहेत. वापराने तळ झिजला, तर रेघा वेड्यावाकड्या असतात." त्यांनी दुकानदाराकडे पाहिलं. "काका, खरं सांगा, तळ तुम्ही घासलात का?"

मी जीव मुठीत धरून थांबले. एक 'हो' पुरेसा होता. दुकानदाराने चिठ्ठीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं.

"छे! आली तेव्हापासून अशीच आहे."

त्याची बायको आत निघून गेली.

"मग ही माझी नाही," म्हातारे म्हणाले. "मी तळ कधी घासला नाही." तरी मला खाली ठेवायला त्यांनी वेळ लावला. माझ्या गळ्यावरून तळवा फिरवत ते म्हणाले, "कुणाची आहे कोण जाणे. पण हात चांगला होता हो त्याचा."

ते गेले. मी ओरडू शकले नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली, तर चकचकीत करण्याआधी तिला एकदा उलटी करून पाहा. खरखरीत लागलं, म्हणून घासू नका. आणि चुकून घासलंच असेल, तर विचारणाऱ्याला खरं सांगा. तो खूप दुकानं हिंडून आलेला असतो.